दोन तुकड्यांचा ब्रिज

गुलाबराव माणसं चेहऱ्यानं ओळखत नसत, दातांनी ओळखत. तिगाव स्टेशनवर एका गृहस्थांनी त्यांना नमस्कार केला, तर हे नुसते बघत राहिले. गृहस्थ हसले, तेव्हा कुठे म्हणाले, "अरे, वरची डावी दाढ! कसे आहात जी?"

मूळचे सोनार, पण पांढुर्ण्याच्या आपल्या खोलीत धातूचे दात घडवत. मी सौसरला नवाच दवाखाना थाटलेला दातांचा डॉक्टर. जबड्यांचे साचे बसनं त्यांच्याकडे धाडायचो. सोबतच्या चिठ्ठीत 'लवकर' असं लिहिलं, की ते काम हटकून शेवटी घेत. धातूलाच सांगा म्हणत, घाई आहे म्हणून.

मोहगावच्या शिक्षिका सुमनबाईंसाठी मला पाच दातांचा ब्रिज हवा होता. दोन टोकांच्या दातांवर टोप्या, मध्ये तीन दात. गुलाबरावांचं म्हणणं, दोन तुकडे ओतू आणि मग जोडू. लांब तुकडा निवताना आखडतो. मी ऐकलं नाही. अख्खा ब्रिज एकाच ओतात काढायचं मी कॉलेजात शिकून आलो होतो. त्यांनी निमूट ओतून पाठवला. आरशासारखा चकचकीत.

बाईंच्या तोंडात तो एका टोकाला बसला की दुसऱ्या टोकाला उचलला जायचा. फट अगदी केसाएवढी. सिमेंट भरून बसवून टाकू, असं मी ठरवलं. शाळा उघडायला चार दिवस होते, म्हणून बाईही हो म्हणाल्या.

आपलं काम तोंडात बसताना बघायला गुलाबराव नेहमीच येत, तसे त्या दिवशीही आले. ब्रिज बोटानं दाबून पाहिला, तोंडातून बाहेर काढला, खिशातून बारीक आरी घेतली आणि माझ्यादेखत मधोमध कापला. मी चिडून बरंच काही बोललो. आरी पुसत ते म्हणाले,

"सिमेंट फट लपवून राहिलं, डॉक्टरसाहेब. मिटवून नाही राहिलं."

दोन्ही तुकडे आपापल्या दातावर घट्ट बसले. तोंडातच त्यांनी ते प्लास्टरनं एकमेकांना बांधले, तसेच उचलून पांढुर्ण्याला नेले, झाळून जोडले आणि दुसऱ्या दिवशी घेऊन आले. मी बसवला. कुठे हालचाल नाही, फट नाही. माझ्या पदवीला जे जमलं नाही, ते आमच्या पांढुर्ण्याच्या सोनाराच्या हाताला जमलं. पुढे नागपूरच्या डॉक्टरांना मी तो ब्रिज छाती फुगवून दाखवला.

पण ब्रिज बसवला त्या दिवशी बाई पुडीतले फुटाणे खात होत्या आणि गुलाबराव समोर बसून बघत होते. पांढुर्ण्याची बस निघून गेली, तरी ते उठेनात. मी विचारलं, आता कसली काळजी?

"आमच्या घरच्यांनाही मीच बनवून दिला होता, अख्खा," ते हळूच म्हणाले. "चार वर्षं एकाच बाजूनं जेवल्या. मला वाईट वाटेल म्हणून बोलल्या नाहीत. त्या गेल्यावर साळीनं, त्यांच्या बहिणीनं, सांगितलं."

मग बाईंकडे वळून त्यांनी पुडी पुढे केली.

"त्या बाजूनंही खाऊन पाहा जी."