कवडे गुरुजींची टाचणी

आमच्या कवडे गुरुजींच्या सदऱ्याच्या कॉलरला बारा महिने तेरा काळ एक टाचणी टोचलेली असायची.

मौनात टाचणी पडली तरी ऐकू आली पाहिजे, असं सगळेच मास्तर म्हणतात. गुरुजी ती खरोखर पाडायचे. तीस जानेवारीला सकाळी अकराला हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं मौन असतं ना, तेव्हा हे मैदानात स्टीलची ताटली मांडणार, दोन मिनिटं भरत आली की वरून टाचणी सोडणार. शेवटच्या रांगेला ऐकू आली, तर तिनं हात वर करायचा. मी धाराशिवहून बदली होऊन या शाळेत शिकवायला आले तेव्हा म्हटलं, हे काय भलतंच.

त्यात आमचं गाव तेरखेड्याच्या शिवेला लागून, म्हणजे फटाक्यांचाच मुलूख. इथली पोरं बार उडाला की दचकत नाहीत, मार्क देतात. माझ्या पहिल्याच वर्षी ऐन मौनात माळावर कुणीतरी नवा माल उडवून बघितला. सगळी शाळा एका सुरात म्हणाली, "लई भारी!" गुरुजींनी टाचणी गुपचूप कॉलरला लावली. दुसऱ्या वर्षी भंगारवाला ओरडत आला. तिसऱ्या वर्षी मी शिंकले. चार दिवस गुरुजी माझ्याशी बोलले नाहीत, पाचव्या दिवशी सुंठ आणून दिली.

"अहो गुरुजी, दोन मिनिटांचं एवढं काय घेऊन बसलात?" मी वैतागून विचारलं.

"त्यांनी जीव दिला, बाई. आपल्याच्यानं दोन मिंटं देववत न्हाईत व्हय?"

मौनाच्या वेळी टेबलावर एक फोटो असायचा. जवान गणेश, आमच्याच शाळेचा विद्यार्थी, सीमेवर शहीद झालेला. वर्दीत, चेहरा एकदम कडक. गुरुजींनी त्याला चौथीपर्यंत शिकवलं होतं, एवढंच मला ठाऊक.

यंदा गुरुजींचं शेवटचं वर्ष. निवृत्त व्हायच्या आधी एकदा तरी टाचणी ऐकू यावी, हा त्यांचा ध्यास, आणि बघता बघता आम्हा सगळ्यांनाच त्याचं वेड लागलं. आठवडाभर मौनाचा सराव. "गप ऱ्हावा!" असं गुरुजी इतक्या मोठ्यानं ओरडायचे की अर्ध्या गावाला ऐकू जायचं. फटाक्यांच्या एकेका शेडवर ते स्वतः मोटारसायकलवर जाऊन विनवणी करून आले. भंगारवाल्याला चहा पाजला. तीस तारखेला शाळेत पाय ठेवला तर मला पहिला प्रश्न, "नाक कसं हाय?"

अकरा वाजले. माळ गप्प, रस्ता गप्प. पहिलीतल्या एका पोरीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलेलं. माझंच काळीज धडधडत होतं, तेही गुरुजींना ऐकू जाईल की काय अशी भीती. एक मिनिट गेलं. दीड. गुरुजींनी हात पुढं केला, टाचणी सोडली.

टिंग.

शेवटच्या रांगेतले सगळे हात वर. मौन संपलं तशी पोरं उड्या मारायला लागली. मीसुद्धा वय विसरून टाळ्या पिटल्या.

गुरुजी मात्र ताटलीपुढं उकिडवे बसून टाचणी शोधत होते. टाचणी त्यांच्या समोरच होती. मी उचलून दिली.

"ह्यो हसायचा, बाई," फोटोकडं बोट करून ते म्हणाले. "दर वर्साला, ऐन मौनात, फिस्सकन. ह्याला बघून सगळी रांग हसायची. म्या कान धरून भायेर काढायचो, तर फाटकापाशी हुबा राहून तितनं बी हसायचा." त्यांनी टाचणी सदऱ्याला पुसली. "आज पुरी दोन मिंटं झाली. कान तिकडंच लागलं व्हतं माझं. कुणीच हसलं न्हाय, वो."

 

गुरुजींनी टाचणी माझ्या तळहातावर ठेवली.

"पुढल्या वर्साला मौन तुमी घ्या," ते म्हणाले. "आन् एखादं हसलं, तर त्याला रांगेतनं भायेर काढू नका."