शिगवणांची कोरियातली हजेरी

चोपन्न वर्षांचा, झुपकेदार मिशीचा, गुहागर तालुक्यातला वेल्डिंग फोरमन दर तासाला एकदा, बरोबर एकदाच, डोळे मिटून एक कोरियन गाणं अथपासून इतिपर्यंत ऐकतो, असं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, या माणसाला सौदीचं ऊन लागलंय. पण अबकैकच्या आमच्या कॅम्पात शिगवणांना हे करताना सगळ्यांनी पाहिलंय. त्या गाण्यातला एक शब्द त्यांना कळत नाही. आवडतं का, असं मी एकदा विचारलं, तर आवडण्याचा इथे काय संबंध असा चेहरा करून म्हणाले, "हजेरी लावायची असते."

मी कॅम्पातला टाइमकीपर. हजेरी हा माझा धंदा, म्हणून त्यांनी मला सगळं शास्त्र समजावलं. कोरियात गाण्यांचा चार्ट दर तासाला नव्याने लागतो. गाणं किती माणसांनी ऐकलं त्यावर नंबर. एकाने तासात पन्नास वेळा ऐकलं तरी माणूस एकच धरतात. "तुझ्या मशिनवर दहादा बोट ठेवलं म्हणून दहा दिवस भरतात काय?" गाणं अर्धवट सोडायचं नाही आणि आवाज बंद ठेवायचा नाही, हे आणखी दोन नियम. त्यामुळे शेजारच्या खोलीतल्या बिहारी फिटरलाही ते गाणं पाठ झालंय.

नवं गाणं तिकडे संध्याकाळी सहाला येतं, म्हणजे इथे भर दुपारी बाराला. त्या दिवशी शिगवणांचा डबा तसाच राहतो. इथे संध्याकाळचे सात वाजले की तिकडे रात्रीचा एक वाजतो आणि तासाचा हिशोब सकाळपर्यंत थांबतो. मग शिगवण फोन उशीखाली सारतात, "कोरिया झोपला. खलास," म्हणतात आणि भात लावायला उठतात.

हे वेड त्यांना त्यांच्या मुलीने लावलं. सायली चिपळूणला कॉलेजात आहे आणि सात कोरियन पोरांच्या एका गटावर तिचा जीव. खटपट करून तिने गाणी ऐकायच्या तिकडच्या अ‍ॅपवर एक खातं मिळवलं आणि त्याच खात्यावर बापालाही सामील करून घेतलं. ती कॉलेजात वर्गात बसली की बापाने ऐकायचं. शिगवण त्या सातांना "आपली पोरं" म्हणू लागले.

एकदा पोरांचं नवं गाणं आलं, तेव्हा त्यांनी खोलीतल्या आठही जणांच्या फोनवर तेच खातं घातलं. आठ फोन, आठ हजेऱ्या, असा त्यांचा हिशोब. पण एकाने गाणं लावलं की दुसऱ्याचं बंद पडायचं आणि पडद्यावर कोरियन अक्षरांचा एक चौकोन यायचा. आठ दणकट माणसं अर्धा तास एकमेकांची गाणी बंद पाडत बसली. शेवटी सायलीने फोनवर हसत हसत सांगितलं की एका खात्यावर एका वेळी एकच फोन वाजतो. "एका कार्डावर आठ जण गेटातून जातात काय, पप्पा?" हे वाक्य शिगवणांनी महिनाभर कॅम्पात सगळ्यांना ऐकवलं.

मग तिच्या कॉलेजचं गॅदरिंग आलं. पोरांच्याच गाण्यावर तिचा नाच होता आणि पप्पा पहिल्या रांगेत बसणार हे ठरलं होतं. तिकीट काढलं, बॅग भरली, आणि प्लांटचं शटडाउन आलं, म्हणजे सगळा प्लांट थांबवून रात्रंदिवस दुरुस्तीचं काम. सगळ्यांच्या रजा रद्द. शिगवण ऑफिसात दोन तास उभे राहिले, पण उपयोग झाला नाही. तेव्हापासून सायली फोन उचलते, "आईला देते" म्हणते आणि देते. चार महिने तिचे एवढेच दोन शब्द.

हजेरी मात्र चालूच राहिली. मी चिडवायला गेलो, पोरगी बोलत नाही, आता कोणासाठी ऐकता?

"ती बोलत नाय म्हणून तिची पोरं खाली येऊ द्यायची काय?" असं म्हणून त्यांनी फोन मांडीवर पालथा ठेवला. मग म्हणाले, "पूर्वी दिवसातून दोनदा तरी माझं गाणं मधेच तुटायचं. ती लावायची ना तिकडे. मी फोनवर ओरडायचो तिला. आता एकदा पण तुटत नाय. शेवटपर्यंत वाजतं."

मी चिडवणं सोडून दिलं.

गेल्या शुक्रवारी सुट्टी होती. दुपारी चारच्या सुमारास आम्ही त्यांच्या खोलीबाहेर चहा घेत बसलो होतो. शिगवणांनी गाणं लावलं, डोळे मिटले. गाणं निम्म्यावर आलं आणि थांबलं. पडद्यावर तो चौकोन आला. नेट गेलं असेल म्हणून मी पुन्हा लावायला हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"हात लावू नको. तिचं तुटेल."

 स्वतःच्या घड्याळात बघत ते बसून राहिले. साडेतीन मिनिटांचं गाणं. इकडे आवाज नव्हता, तरी त्यांचा पाय ठेका धरत होता.  साडेतीन मिनिटं झाल्यावर त्यांनी आणखी एक मिनिट जाऊ दिलं, मिशीवरून हात फिरवला आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

"लागली हजेरी," ते म्हणाले. "दोघांची."