दोन्ही थड्यांना ऐकू जाणारे आप्पा

आप्पा शेजारी बसलेल्या माणसाशीही नदीपलीकडच्या माणसाशी बोलावं तसं बोलत. शिरूर तालुक्यातल्या त्या भीमाकाठच्या गावात मी ग्रामसेविका म्हणून रुजू झाले, त्या दिवशी "बाई, चा घेणार का?" असं त्यांनी विचारलं आणि माझ्या हातातला शिक्का खाली पडला. बाहेर पारावरच्या तिघांनी "घेऊ की" म्हणून उत्तर दिलं. बदली होऊन बराच काळ लोटला, तरी कुणी जोरात चहा विचारला की मी अजून दचकते.

ही सवय नदीचीच. थोरली बहीण, अक्का, समोरच्या थडीला दौंड तालुक्यात दिलेली. आईमागं तिनंच आप्पांना वाढवलं होतं. दोघं आपापल्या काठावर उभी राहून उभा जन्म बोलत आली. पाऊस, म्हशी, सुनांच्या कागाळ्या. त्या सुनांनाही ऐकू जायच्या. पुढं शहराकडचं सांडपाणी आलं, जलपर्णी माजली, नाव काठाला अडकली, वासानं काठावर उभं राहवेना. फोन होता. पण आप्पा बोलू लागले की अक्का म्हणत, "फोन ठिव, तसंच ऐकू येतंय."

अक्कांचे गुडघे गेलेले. पुलावरून जीपनं लांबचा फेरा त्यांना सोसत नव्हता. "अक्काला एकदा माहेरी जेवाय आणायचीय," एवढाच आप्पांचा ध्यास.

आमची पंचायत म्हणे, आमची हद्द निम्म्या पात्रापर्यंत. समोरचीही तेच म्हणे. एकदा आम्ही आमची जलपर्णी पलीकडं ढकलली. दुसऱ्या दिवशी वारा फिरला आणि त्यांचीही आमच्याकडं आली.

"काल सासरी धाडली, आज सवतीला घिऊन माघारी!" आप्पा गरजले. "पाण्याला तालुका असतो व्हय?" हे त्यांचं पालुपद.

शेवटी दोन्ही सरपंचांची बैठक बसली. तासभर "नदी तुमची, काम तुमचं" चाललं. मग आप्पा उठले. "इर्जिक घाला," म्हणाले. इर्जिक म्हणजे साऱ्यांनी एकाच्या रानात राबायचं. मजुरी नाही, पण ज्याचं रान त्यानं पंगत द्यायची. "आता सांगा, नदी कुणाची? जेवाण कोण घालणार?"

"आमची!" दोन्ही सरपंच एकदमच म्हणाले. जेवू घालण्यात माघार घेतली तर गावाची शोभा व्हायची! मी लगेच प्रोसिडिंगात लिहून दोघांच्या सह्या घेतल्या.

ठरल्या दिवशी दोन्ही काठांवर माणसं उतरली, ट्रॅक्टर आले, चुली पेटल्या. सांडपाणी काही थांबलं नव्हतं. ते भांडण आता दोन्ही पंचायती मिळून भांडतात. पण दुपारपर्यंत नावेपुरतं पाणी मोकळं झालं. आप्पा एकटेच वल्हवत पलीकडं गेले.

परतताना नावेत अक्का होत्या. आम्ही सगळे काठावर कान देऊन उभे. आप्पांचे ओठ हलत होते, अक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि आम्हाला एक शब्द ऐकू येत नव्हता. माझे डोळे भरून आले. आप्पांना हळू बोलता येतं, हे गावाला त्या दिवशी कळलं.