पहिले पाय, मग रामराम

मामासाहेबांच्या घरी जो जाईल त्याचे पाय जांभळे होतात. फाटकाच्या आत एक पसरट घमेलं ठेवलेलं असतं आणि त्यात जंतू मारायचं जांभळं औषध कालवलेलं असतं. चपला बाहेर, पाय घमेल्यात, मग पुढे. गॅसवाला असो की नगरसेवक, मामासाहेब खुर्चीतून न उठता एकच वाक्य म्हणतात, "पहिले पाय, मग रामराम." सत्यनारायणाला आलेले पंडितजी म्हणाले, "हम तो नहाके आए हैं." मामासाहेब म्हणाले, "आप नहाए हैं, टर्की को थोडे ही पता है?" पंडितजींनी पाची अध्याय जांभळ्या पायांनी वाचले.

हे सगळं परसात पाळलेल्या टर्की पक्ष्यांसाठी. बाहेरून कोणी पायाला रोग लावून आणला आणि त्या मेल्या तर काय, ही एकच धास्ती.

मी त्यांची शेजारीण. मधली भिंत दोघांची आहे, आवाज मात्र सगळा त्यांचा; थंडीत मामासाहेबांचा खोकलासुद्धा. ते माझे मामा नव्हेत. देवासच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळेच मामासाहेब म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला मामीसाहेब. संस्थानी काळात एवढ्याशा देवासात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. मामासाहेबांचे आजोबा थोरल्या पातीच्या दरबारात होते. राज्यं गेली, मामासाहेबांनी जन्मभर वीजमंडळात मीटर तपासले, पण मानेचा ताठा दरबारीच राहिला. खुराड्याचेसुद्धा त्यांनी दोन भाग केले होते. मोठ्या टर्क्या थोरल्या पातीत, पिल्लं धाकट्या पातीत.

टर्कीचा नर ओरडताना ज्याने ऐकला नाही तो सुखी. गळ्यात पाणी अडकल्यासारखं "गुबलुबलुबलु" करतो, आणि एकाने केलं की बाकीचे लगेच री ओढतात. त्यांना निमित्त कसलंही चालतं. कुकरची शिट्टी झाली, गुबलुबलु. कारखान्याचा भोंगा झाला, गुबलुबलु. टेकडीवरच्या देवीची आरती लाउडस्पीकरवर लागली की सबंध आरतीभर. मला शिंक आली तरी पलीकडून उत्तर यायचं. सासूबाई गेल्यापासून आमच्या घरात माझ्या शिंकेची दखल त्या टर्क्याच तेवढ्या घेत होत्या.

मी एकदा म्हटलं, "मामासाहेब, झोप नाही हो लागत."

"अपने को क्या, सरोजबाई. पक्षी आहे, बोलेल," म्हणाले आणि कांद्याची पात चिरत बसले.

ती पात पिल्लांसाठी. टर्कीचं पिल्लू म्हणजे देवाने अर्धवट सोडलेलं काम आहे. दाण्यात उभं राहून उपाशी मरतं. पाण्याच्या ताटलीशेजारी तहानेने मरतं. ओल लागली की मरतं, वारा लागला की मरतं, कुत्रं भुंकलं की सगळी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि तळातलं गुदमरून मरतं. मामासाहेब दाण्यात काचेच्या रंगीत गोट्या टाकत. चकाकलं की पिल्लं चोच मारतात आणि चुकून दाणा पोटात जातो. पाणी मात्र एकेकाला हातात धरून, चोच बुडवून शिकवावं लागे. "घ्या, एक घोट घ्या. हां, शाबास." पिल्लालासुद्धा अहोजाहो. दरबारी घराणं.

मग हात धुऊन ते ओट्यावर यायचे आणि मामीसाहेबांना चहा पाजायला बसायचे. "घ्या, एक घोट घ्या. हां, शाबास."

मामीसाहेब पूर्वी ह्याच ओट्यावरून अख्ख्या गल्लीशी बोलत. भाजीवालीशी माळवीत, माझ्याशी मराठीत, नवऱ्याशी डोळ्यांनी. मग अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, शब्द सगळे गेले, उरली फक्त एक हाक. "एऽऽ!" भूक लागली तरी एऽऽ, राग आला तरी एऽऽ, समोरून ओळखीचं माणूस गेलं तरी एऽऽ. सुरुवातीला लोक थांबत. "काय मामीसाहेब? पाणी पाहिजे? ऊन लागतंय?" त्या मान हलवत, नाही. लोक आणखी विचारत, त्या आणखी चिडत, शेवटी रडत. हळूहळू गल्ली त्यांच्या ओट्यासमोरून जायचं टाळू लागली. माणसाने हाक मारावी आणि कोणी ओ देऊ नये, याहून वाईट शिक्षा मला तरी ठाऊक नाही.

टर्क्या कशा आल्या ते मला मामीसाहेबांच्या थोरल्या बहिणीने, आक्कासाहेबांनी सांगितलं. त्या बदनावरला असतात. दोघं त्यांच्याकडे गेले होते. गाडीतून उतरवताना मामीसाहेबांनी हाक मारली, आणि शेजारच्या कुंपणाआडून टर्क्यांचा कळप एकदम ओरडला. त्या दचकल्या. पुन्हा हाक मारली, पुन्हा उत्तर आलं. "झटक्यानंतर पहिल्यांदा हसली हो," आक्कासाहेब म्हणाल्या. "अर्धंच तोंड हसलं, पण हसली. आणि आमचे मेहुणे तिथेच उभे राहून रडून राहिले होते." परतताना मामासाहेबांच्या मांडीवर पिल्लांचं खोकं होतं.

टर्क्या "काय पाहिजे?" असं विचारत नाहीत. समजल्याचा आव आणत नाहीत. हाक आली की ओ देतात. हे कळल्यावर मी झोपेची तक्रार सोडून दिली आणि मुकाट्याने पाय जांभळे करून घेऊ लागले.

जनावरांच्या डॉक्टरांनी मामासाहेबांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, टर्कीजवळ कोंबडी फिरकू द्यायची नाही. कोंबडीच्या पोटात एक रोग असतो. तो तिला काही करत नाही, टर्कीला मारतो. मामासाहेबांनी तेव्हापासून घरात कोंबडीचं नावसुद्धा काढू दिलं नाही.

आणि गेल्या हिवाळ्यात आक्कासाहेब पदराखाली काळी कोंबडी घेऊन आल्या. फाटकात त्यांनी पाय धुतले. कोंबडीचे पाय कोण धुणार? ती पदराखाली होती. मामासाहेब औषध आणायला गेलेले. आक्कासाहेबांनी कोंबडीला कुंकू लावलं, बहिणीवरून ती ओवाळली, नजर उतरवली. अशी उताऱ्याची कोंबडी मारायची नसते, घरी परत न्यायची नसते. लांब चौरस्त्यावर सोडायची असते. पण आक्कासाहेबांचे गुडघे दुखत होते. त्यांनी ती मागच्या दाराने बोळात सोडली. तिन्हीसांजेला कोंबडी टर्क्यांच्या दाण्यात होती.

मामासाहेब काठी घेऊन धावले. आक्कासाहेब दारात उभ्या राहिल्या.

"हाकला, खुशाल हाकला. पण तिची पीडा त्या जिवाने उचलली आहे. सोडलेली ती आपल्या पायाने परत आली आहे; आता हाकललीत की पीडा उलटून कुणावर येईल, तेवढं समजून हाकला."

मामासाहेबांनी ओट्याकडे पाहिलं. काठी भिंतीला टेकवून ठेवली.

मग आमच्या गल्लीने असलं दृश्य पाहिलं की हसावं की रडावं कळेना. थोरल्या पातीचा तो वारस रोज सकाळ-संध्याकाळ कोंबडीच्या मागे धावत असे, तिला पकडून तिचे पाय घमेल्यात बुडवत असे आणि परत सोडून देत असे. कपाळावर कुंकू आणि जांभळे पाय, अशी ती बया परसात मिरवायची. जाळी लावली, ती जाळीवरून उडाली. टर्क्या आत कोंडल्या, ती कौलांच्या फटीतून आत गेली.

मी म्हटलं, "मामासाहेब, मला द्या. मी क्षिप्रेपलीकडे सोडून येते. पाप माझ्या माथी."

"तुम्ही सोडाल हो. आणि हिला काही झालं तर?"

"तुम्ही मानता हे असलं?"

"मी नाही मानत," ते म्हणाले. "पण हिच्यावर प्रयोग नाही करायचा मला."

माघ सरताना थोरल्या पातीतला मोठा नर डोळे मिटून उभा राहिला. पंख खाली सोडलेले, विष्ठा गंधकासारखी पिवळी. डॉक्टर आले. "दादा, साथ में मुर्गी थी क्या?" मामासाहेबांनी नुसतं बोट दाखवलं. कोंबडी धुळीत लोळत होती. डॉक्टरांनी औषध दिलं, पण मामासाहेबांच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

मग एकेक जाऊ लागली. एक मेली की बाकीच्या तिच्याभोवती गोळा होत आणि हलक्या आवाजात काहीतरी बोलत राहत. मामासाहेब खड्डा खणत, चुना टाकत, माती ओढत, आणि माणूस पोहोचवून आल्यासारखी दर वेळी अंघोळ करत. भिंतीपलीकडून मला हिशेब कळायचा. मामीसाहेबांच्या हाकेला सगळा कळप ओ देत असे, तो दोन गळ्यांवर आला. मग एकावर. तो एक गळाही बसत चालला. पिल्लं तर आधीच संपली होती. शेवटच्या टर्कीसाठी खड्डा खणताना मामासाहेब दोनदा खाली बसले, मी जाऊन फावडं घेतलं तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही. कोंबडी धडधाकट होती. रोज अंडं देत होती, आणि ते कोणी खात नव्हतं. मला तिची मान मुरगळावीशी वाटत होती, आणि मी जन्मात मांसाला हात लावलेला नाही.

चार दिवस परसातून उत्तर आलं नाही. मामीसाहेब हाक मारत आणि थांबत. पुन्हा मारत आणि थांबत. पाचव्या सकाळी मला ते ऐकवेना. पोह्यांची वाटी घेऊन गेले. घमेलं अजून जागेवर होतं; मी पाय धुतले. मामीसाहेबांच्या खुर्चीपाशी बसले.

"एऽऽ!"

काही नाही. मी वाटीतले पोहे ढवळत राहिले.

"एऽऽ!"

आणि परसातून आलं. गुबलुबलुबलु.

"अगं बाई, एक वाचली वाटतं!" म्हणत मी उठले. मामीसाहेबांनी डाव्या हाताने माझं मनगट पकडलं. त्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी मला खाली बसवलं आणि पुन्हा हाक मारली. पुन्हा उत्तर आलं, पण मध्येच फुटलं, आणि मागोमाग खोकल्याची ढास आली. तो खोकला मी भिंतीपलीकडून कितीतरी हिवाळे ऐकत आले होते.

मामीसाहेब माझ्याकडे बघत नव्हत्या. खोकला थांबेपर्यंत त्या थांबल्या. त्यांना दम घेऊ दिला. मग पुन्हा हाक मारली.