डाळ मिलचा मालक ट्रॅक्टरखाली सापडतो

घाटंजीजवळच्या एका डाळ मिलची मालकी, रीतसर नोंदणीनुसार, तिच्या ट्रॅक्टर ड्रायव्हरकडे होती. आणि याबद्दल ना ड्रायव्हरची तक्रार होती, ना मिल बांधणाऱ्या बापूसाहेबांची.

कंपनीचे एक्कावन्न टक्के भाग अनुसूचित जातीच्या उद्योजकाकडे असले की अनुदान मिळायचं. बापूसाहेबांकडे पैसा होता, जागा होती, फक्त जात कमी पडत होती. ती त्यांनी आपल्या ड्रायव्हरकडून, भीमराजकडून घेतली. ज्या घरचं पाणी त्यांना कधी चाललं नाही, त्या घरचा जातीचा दाखला चालला.

अनुदानाच्या तपासणीला सरकारी साहेब आले तेव्हा कंपनीचा मालक ट्रॅक्टरखाली आडवा पडून ऑइल बदलत होता. साहेबांनी शेरा मारला : ‘बहुसंख्य भागधारकाचे वर्तन त्याच्या भागधारणेशी सुसंगत आढळले नाही. सुधारणा करून फेरतपासणीस सादर करावे.’

सुधारणा त्याच दुपारी सुरू झाली.

“खुर्चीवर बस,” बापूसाहेब म्हणाले.

“तुमच्यापुढं? जमत नाही जी.”

“बस म्हणलं न बे. मालक हायेस तू. मी सांगून राह्यलो न तुले.”

हुकूम झाला म्हणून भीमराज मालकासारखा बसला. मालकानं ट्रॅक्टरला हात लावायचा नाही, अशी ताकीदही मिळाली. फेरतपासणीत साहेबांनी कोपऱ्यात उभ्या बापूसाहेबांकडे बोट केलं. “हे कोण?”

भीमराज खुर्चीतूनच म्हणाला, “कामाले हायेत, साहेब. मानूस इमानदार हाये. फक्त मधामधात बोलते.”

बापूसाहेबांनी मान डोलावली. अनुदान मंजूर झालं.

पैसे जमा होताच बापूसाहेबांनी भाग हस्तांतराचा अर्ज पुढं सरकवला. “सही कर अन् मोकळा हो.”

भीमराजनं पेन उचललं नाही. “बायको इचारते, मिल तुमची नसन त सही तुमची काहून लागते? मले काही सांगता आलं नाही. तुमी सांगा.”

बापूसाहेबांनी अर्ज मागं ओढला. “मिल गिळतो का भीम्या? उद्यापासून ट्रॅक्टरवर येऊ नको.”

“मालकानं त्याले हातच लावाचा नाही म्हणे. मी आफिसात येत जाईन. तुमी बी या. पन साहेब आले का तेवढं उभं राहा.”

ही बेइमानी साऱ्या तालुक्याच्या जिव्हारी लागली. त्या संध्याकाळी अनेक प्रतिष्ठित घरांत ज्यांच्या नावावर काही ना काही होतं अशा सालगड्यांना, मेव्हण्यांना, धाकट्या सुनांना जवळ बसवून चहा पाजण्यात आला आणि अतिशय मायेनं विचारण्यात आलं, “तुह्या मनात तसं काही नाही न?”

भीमराजचं चुकलंच, असं आपलंही मत असेल. असू द्या. पण मुद्रांक शुल्कात सवलत मिळते म्हणून जिच्या नावावर फ्लॅट घेतलात, ती आत पोळ्या लाटते आहे. मत जरा हळू मांडा. तिच्या घरात बसला आहात.