सर्वमान्य मेंढा

धर्माधर्मांत सलोखा नांदावा असे वाटत असेल, तर आधी एक समिती नांदवावी लागते. सलोख्याचे पुढे काय होते ते सांगता येत नाही, पण समिती नांदते. आमची यहुदी-ख्रिस्ती-मुस्लिम सांस्कृतिक संवाद समिती अशीच नांदती आहे, आणि तिचा चिटणीस या नात्याने मी पुढील हकिकत अभिमानाने नोंदवतो.

समितीचे मुख्य सभासद तीन: यहुदी दंतवैद्य, ख्रिस्ती लेखापाल आणि मुस्लिम चष्मेवाले. तिघेही सज्जन, एकमेकांच्या दुखण्याखुपण्याला धावून जाणारे. (दंतवैद्यांनी लेखापालांची दाढ काढली तेव्हा चष्मेवाले हात धरून बसले होते. लेखापालांचा. दंतवैद्यांना हात मोकळे लागतात.) अशा माणसांनी संवाद करायचा तरी कशावर? शेवटी संयुक्त नाटक ठरले. गोष्टही तिघांच्या घरची: मूळपुरुष देवाच्या आज्ञेवरून पोटच्या मुलाला बळी द्यायला डोंगरावर नेतो, ऐन वेळी देव मेंढा पाठवतो, मुलगा वाचतो. यात मतभेदाला जागाच नाही, असे मी निमंत्रणपत्रिकेत छापूनही टाकले.

पहिल्याच बैठकीत, मूळपुरुषाच्या दोन मुलांपैकी डोंगरावर नेला तो कोणता, हा विषय निघाला. चष्मेवाले म्हणाले, तो थोरला. बाकी दोघे म्हणाले, धाकटा. दोघांचे जमले म्हणून मी टाळ्या वाजवल्या, तेवढ्यात धाकट्याचे वय निघाले. लेखापालांच्या डोळ्यांसमोर गोंडस पोरगा होता.

"आमचे जुने जाणकार त्याला सदतीस वर्षांचा धरतात," दंतवैद्य म्हणाले.

"सदतीस वर्षांचा घोडा बापामागून मुकाट डोंगर चढेल?"

"तुम्ही माझे वडील पाहिले नाहीत."

परस्परांच्या भावनांचा आदर राखून मुलगा वगळण्यात आला. पैगंबरांची सोंगे काढत नाहीत, हे चष्मेवाल्यांचे म्हणणे रास्त होते. मूळपुरुष पैगंबरांत मोडतात, सबब वडीलही गेले. बापाचा हात अडवणारा देवदूत पंखांच्या लांबीवरून गेला. डोंगर कोणता, या चर्चेत चहा दोनदा गार झाला आणि डोंगराच्या जागी स्टूल आले. उरला मेंढा. मेंढ्यावर मात्र एकही उपसूचना न येता तिघांचे एकमत झाले. लेखापालांनी दंतवैद्यांना मिठी मारली, चष्मेवाल्यांनी दोघांना. मला कोणी उरले नाही म्हणून मी स्टुलाला मारली.

आता पाऊण तासाचे नाटक एकट्या मेंढ्याने ओढायचे होते.

ही भूमिका शिंप्याला मिळाली. हा इसम कित्येक वर्षे आमच्या हॉलचा पडदा ओढतो. प्रत्येक नाटकाला त्याची आई पहिल्या रांगेत बसते आणि पडदा सरकला की शेजारणीला सांगते, "हा माझ्या मुलाने ओढला." एकदा तरी तिने आपल्याला पडद्याच्या पुढे पाहावे, एवढीच त्याची इच्छा, आणि तिची नजर आता उतरत चाललेली. (मेंढ्याचा पोशाख त्यानेच शिवला. तो दुसऱ्या कोणाच्याही अंगात शिरत नाही, असे आयत्या वेळी आढळले. समिती याला दैवी संकेत मानते.)

तालमी झकास चालल्या. मेंढा चरला, मेंढा विचारात पडला, मेंढ्याने स्टुलावरून दूरवर पाहिले. मग एके दिवशी मेंढा माझ्याकडे आला.

"साहेब, शेवटी मला मारू नका. आयुष्यात पहिल्यांदा दिसणार मी आईला, आणि ते मेलेला?"

मला खरोखर वाईट वाटले, म्हणून मी तातडीची बैठक बोलावली. तिथे सगळेच हळहळले. "मुलगा कुठला, डोंगर कुठला, यावर आम्ही जन्मभर भांडू," चष्मेवाले कळवळून म्हणाले, "पण मेंढाही मेला नाही, तर आमच्यात समान उरलं काय?" मेंढ्याच्या मृत्यूचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला.

प्रयोगाला हॉल गच्च भरला. शिंप्याने कमाल केली. काय ते शिंगे सावरणे, काय ती मान तिरकी करून गर्दीत आईला शोधणे! मग ठरावाप्रमाणे तो आडवा झाला, पाय झाडले आणि निपचित पडला. हॉलभर हुंदके. तेवढ्यात आई उठली, काठी टेकत रंगमंचावर चढली आणि शिंगाला धरून ओरडली, "ऊठ रे! ऊठ म्हणते ना! मळतील ते कपडे!"

मेंढा उठला. (समितीची पूर्वपरवानगी घेतलेली नव्हती.) लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. दंतवैद्यांनी शिट्टी वाजवली, लेखापाल खुर्चीवर चढून नाचले.

"शेवटी आमचाच पोरगा!" तिघेही एकदम म्हणाले.

इतकी वर्षे तो पडद्यामागे असल्याने तो कोणाचा, हे विचारायचे कोणाला सुचलेच नव्हते. आता संवाद असा काही रंगला की त्यात एक चष्मा फुटला आणि एक दाढ हलली. (चष्मा आणि दाढ दोन्हींची दुरुस्ती सलोख्याखातर विनामूल्य झाली.) अखेर तिघे आईपुढे उभे राहिले.

"मावशी, तुम्हीच सांगा, हा आमच्यापैकी कोणाचा?"

"माझा," ती म्हणाली, आणि त्याच्या पाठीवरचा कापूस झटकू लागली. "दिसलास रे. पोक काढून चालत होतास, पण दिसलास."

या उत्तराने समितीचे समाधान झालेले नाही. प्रश्न अनिर्णित असून चौकशीसाठी नवे सभासद घेण्यात येत आहेत. अनुभवाची अट नाही. इथवर वाचताना ज्यांनी शिंप्याचा धर्म मनातल्या मनात ठरवून टाकला, किंवा निदान आता तरी मी तो सांगेन म्हणून जे ही ओळ वाचत आहेत, त्या सर्वांची बिनविरोध निवड झाली आहे.