धाकूकाकांचा नवा फ्लॅट

ज्याला कोड लिहिता येतो त्याने बटणं दाबत बसू नये, असं माझं ठाम मत आहे. म्हणजे होतं!

मुलुंडची आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जायची होती. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, एक सोडून. तळमजल्यावरचे धाकूकाका! "माझो फ्लॅट कागदार दाखवा, मगे बघूया," एवढंच त्यांचं म्हणणं. आणि त्या सहीवर माझं लग्न अडलं होतं. निधीच्या बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "आधी मुलाला स्वतःची खोली, मग मुहूर्त." सध्या मी फ्रिजशेजारी झोपतो.

शेवटी आर्किटेक्टने प्रत्येक फ्लॅटचा प्लॅन आपल्या वेबसाइटवर चढवला. प्रत्येकाची वेगळी झिप फाईल. संध्याकाळच्या मीटिंगआधी प्लॅन घरोघर पोचायला हवे होते. आमच्या सेक्रेटरी नलिनीकाकू एकेक फाईल उतरवायला बसल्या, तेवढ्यात मी त्यांच्या हातातला माउस काढून घेतला.

"अहो काकू, साइटला एपीआय आहे! माझा कोड थेट साइटकडे फायली मागेल, झिप उघडेल आणि ज्याचा प्लॅन त्याला मेल करेल. तुम्ही चहा टाका."

"पाठवायच्या आधी बघशील ना रे एकदा?"

"छत्तीस फ्लॅट आहेत काकू! बघतच बसायचं तर कोड कशाला?"

चहाला उकळी यायच्या आत काम फत्ते! एकही एरर नाही! धाकूकाकांकडे मेल नाही, म्हणून त्यांच्या प्लॅनची प्रिंट काढून, घडी घालून दाराखालून सरकवली. वर आलो तर फोन वाजत होता.

"सिद्धेश, माझ्या हॉलमध्ये टाकी का आहे?" दुसऱ्या मजल्यावरच्या जयाताई.

टाकी? मी गोंधळलो, पण आवाजात दाखवलं नाही. "ताई, हल्ली घरात पाणी ठेवायची फॅशन आहे. शोभेला."

"वीस हजार लिटर?"

फोन ठेवतो न ठेवतो तोच तिसऱ्या मजल्यावरचा राजेश. "यार, बेडरूमच नाहीये! दोन मोटरी आहेत. मी झोपू कुठे?"

"स्केल वेगळा असेल रे," मी म्हटलं. याचा अर्थ काय, ते मलाही माहीत नव्हतं.

समोरचे दादूकाका तर थेट दारात उभे. "ना खिडकी, ना लिफ्ट! कंपाउंडच्या कोपऱ्यात घालतायत आम्हाला! बिल्डरने फसवलं!"

सोसायटीचा ग्रुप पेटला. सह्या परत घ्या, वकील गाठा, पाडू देऊ नका!

"काय केलंस रे?" नलिनीकाकूंचा चेहरा पडला होता.

"मी काही नाही केलं हो, कोडने केलं!"

घाबरत घाबरत फोल्डर उघडला. झिप सगळ्या जागेवर. प्लॅन मात्र एकच! घोळ असा, की प्रत्येक झिपमधल्या कागदाचं नाव एकच होतं, 'प्लॅन'. मी आधी सगळ्या झिप एकाच फोल्डरमध्ये उघडल्या आणि मग मेल पाठवल्या. नवा कागद आला की जुन्याला उठवून त्याच्या जागी बसायचा, आणि कॉम्प्युटर चकार शब्द काढत नव्हता. आर्किटेक्टने फ्लॅटांबरोबर पंपरूमचाही प्लॅन चढवला होता, आणि सगळ्यात शेवटची झिप होती तिचीच. मी छत्तीस कुटुंबांना पंपरूममध्ये राहायला पाठवलं होतं!

मीटिंगमध्ये कान धरून माफी मागितली. खरे प्लॅन वाटले. लोक थंडावले, जयाताई तर हसल्याही. मग बिल्डरची इंजिनीअर प्रांजल पेन घेऊन धाकूकाकांपुढे आली. काकांनी खिशातून माझी प्रिंट काढली.

"माका ह्याच घर होया."

"काका, ती पंपरूम आहे!" मी ओरडलो.

"माका वाचूक येता मेल्या. डोक्यार कोण नाचणार नाय, आणि पाणी सगळ्यांच्या आधी माका!"

असं म्हणून त्यांनी प्रांजलच्या हातातलं पेन घेतलं आणि झोकात सही केली. पंपरूमच्या प्लॅनवर!

तेवढ्यात निधीचा फोन. "बाबा विचारतायत, काकांची सही झाली का?"

"झाली," मी म्हटलं. खोटं थोडंच होतं?

मीटिंगमध्ये काकांनी हातातही न घेतलेला त्यांचा खरा प्लॅन घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. चौथा मजला, दोन खोल्या, पूर्वेला बाल्कनी. काकांनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि हळहळत माझ्या हातात परत ठेवला.

"ह्यो दुसऱ्या कोणाचो तरी दिसता. चुकान इलो हा."